द्राक्षबागेतल्या गरोदर मजूर मुलीच्या तपासण्या कशा करून घ्याव्यात? मदत हवी आहे

आमची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. सुरगाण्याहून आलेल्या टोळीत एक पहिलटकरीण आहे, सहावा महिना. सध्या विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं) चालू आहे, म्हणजे दिवसभर मान वर आणि हात डोक्याच्या वर. परवा ती वेलीखालीच मटकन बसली. पापणी खाली ओढून पाहिली तर आतली कड पांढरीफटक. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.८. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर भागणार नाही, शिरेतून लोह द्यावं लागेल, नाशिकला सिव्हिलला न्या.

तिथे पैसे लागत नाहीत हे तिच्या नवऱ्यालाही माहीत आहे. अडतंय खाड्यावर. दोघं गेले की दोघांची हजेरी बुडते, वर मुकादमाची उचल फिटायचीय. त्या दिवसाची मजुरी मी देते म्हटलं, तर मुकादम म्हणतो, मग बाकीच्या बायकाही मागतील. (मागू देत की!)

माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिलंय आणि इथे 'नोंदणी तिकडची' म्हणून परत पाठवलं. मातृवंदनेचा (गरोदर बायांना पैसे देणारी सरकारी योजना) फॉर्म इथून भरता येतो का? खातं नवऱ्याचं आहे. आणि बाळंतपणाची तारीख मार्चची, ऐन तोडणीत. बाळंतपणाला सुरगाण्याला धाडावं की इथेच नाव घालावं?

प्रतिसाद:
ताई, मी आरोग्यसेविका होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, पण ७.८ ला तोवर थांबू नका. गावच्या आशाताईंकडून कार्डाचा फोटो मागवा. त्यावरचा आरसीएच नंबर (गरोदरपणाचा सरकारी नोंदणी क्रमांक) कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतो. मातृवंदनेला खातं तिच्याच नावाचं आणि आधार जोडलेलं लागतं, पोस्टाचंही चालतं. पहिल्या बाळाला ५,००० मिळतात: नोंदणी आणि तपासणीनंतर ३,०००, जन्मनोंदणी आणि बाळाच्या सुरुवातीच्या लसी झाल्यावर २,०००. फॉर्मचं अंगणवाडीताईंना विचारा. बाळंतपण कुठेही करा, पण जिथे रक्ताची सोय आहे तिथेच. सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण, सगळं सरकारी दवाखान्यात मोफत. गाडीसाठी १०२.

धागाकर्ती:
खूप आभार. पोस्टात खातं उद्याच उघडून देते. मुकादमाला कसं वळवायचं, ते बागाईतदारांपैकी कुणीतरी सांगा. तुमच्याकडे खाड्याचे पैसे कोण देतं?