इंचगेरी, बाळेकुंद्री, हरिमंदिर: आपल्याच बेळगाव-विजापूर भागात एवढे पंथ कसे?

हिंडलग्याची सून:
सासरी देवघरात बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांचा फोटो, शेजारी हरिमंदिराच्या कलावती आई. माझे आजोबा मात्र जतकडचे, इंचगेरी मठाचं नाम, म्हणजे गुरूनं दिलेला जपाचा मंत्र, घेतलेले. परवा त्यांची वही सापडली. अर्ध्या पानांवर दासबोधातल्या ओव्या, उरलेल्या पानांवर कन्नड वचनं, तीही देवनागरीत लिहिलेली! माझं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळे अडखळत वाचते. हे सगळे संप्रदाय शंभर-दीडशे वर्षांतले. त्याआधी लोक वारीला जात होते, मठ होते, मग नवं काय मिळालं त्यांना?

जमखंडीकर काका:
ताई, ती वही जपून ठेवा. तुमचं उत्तर तिच्यातच आहे.

निंबर्गी महाराज लिंगायत, विजापूर जिल्ह्यातले, बोध कन्नडात. त्यांचे शिष्य उमदीचे भाऊसाहेब देशपांडे, म्हणजे ब्राह्मण. उमदी आज जत तालुक्यात, महाराष्ट्रात. भाऊसाहेब महाराजांनी मठ बांधला इंचगेरीला, तो कर्नाटकात. तिथं नेमाला दासबोध, तोही कन्नड मुलखात! गुरू लिंगायत, शिष्य ब्राह्मण, ग्रंथ मराठी, बोध कन्नड. त्या काळी हे साधं नव्हतं. माझ्या मते नवेपण इथंच आहे, तत्त्वज्ञानात नाही. नामस्मरण जुनंच की.

दुसरं म्हणजे घर सोडायचं नाही. शेत करा, कुलकर्णीपण करा, पण ठरल्या वेळी नामाला बसा. माझे वडील पहाटे बसायचे. आम्हा पोरांना तेवढा वेळ विहिरीवर रहाटसुद्धा ओढू देत नसत.

आमच्या जमखंडीचेच गुरुदेव रानडे. जन्म 1886 चा. 1901 साली, पंधराव्या वर्षी, भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलं. पुढं अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं, कुलगुरू झाले, आणि 1957 ला देह ठेवला तो निंबाळला. मराठी, हिंदी, कन्नड संतांवर त्यांनी सारख्याच प्रेमानं लिहिलं. बेळगावात हिंदवाडीला त्यांचं मंदिर आहे, तुम्हाला जवळच.

आमराई:
पंत महाराजांबद्दल मी सांगते, माहेर बाळेकुंद्रीजवळ. जन्म 1855 चा, दड्डीला, आजोळी. बेळगावात मास्तर होते. संसार होता, नोकरी होती, आणि घरात भजन. पदं मराठी, पण म्हणायला कन्नड माणसंही तितकीच. 1905 ला गेले. समाधी बाळेकुंद्रीच्या आमराईत आहे, आश्विनातल्या उत्सवात तिथं पाय ठेवायला जागा नसते. आमची आई चुलीपुढं भाकऱ्या थापताना त्यांची पदं म्हणायची, त्यामुळे मला ती पुस्तकातून शिकावीच लागली नाहीत.

शनिवारची बालोपासना:
कलावती आईंचे गुरू हुबळीचे सिद्धारूढ स्वामी, म्हणजे तीही वाट कन्नड मुलखातूनच आली. आईंनी बेळगावात अनगोळच्या हरिमंदिरात मुलांना उपासनेला बसवलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. बाकी ठिकाणी पोरं मोठ्यांच्या मागं लुडबुडायची. इथं उपासनाच त्यांची.

हिंडलग्याची सून:
काका, काल सासूबाईंना एक पान वाचून दाखवलं. त्यांचं शिक्षण कन्नड शाळेत. त्यांनी माझे चार उच्चार सुधारले आणि वही मागून घेतली. आज दुपारपासून त्यांच्याकडंच आहे. निंबाळला जायचं म्हणतात. कसं जायचं?

जमखंडीकर काका:
सोलापूर–विजापूर रेल्वेमार्गावर निंबाळ स्टेशन आहे, आश्रम तिथून जवळच. पॅसेंजर थांबते का ते आधी विचारून घ्या. वही बरोबर न्या.