सगळ्यात जास्त डोक्यावर घेतलेला रॅपर कोण? (बादशाह हे उत्तर बाद)

खाजेवाला
परवा साखळीहून पणजीला येताना बसमध्ये मागच्या सीटवर कॉलेजची दोन पोरं जुंपली होती. एक म्हणे एमसी स्टॅन म्हणजे देव. दुसरा म्हणे स्टॅन ऐकणाऱ्याला हिपहॉप कळतच नाही. माझा थांबा आला म्हणून उतरलो, नाहीतर मीही त्यात उडी घेतली असती. ती खाज इथे भागवतो.

आधी एक खुलासा. ओव्हररेटेड म्हणजे वाईट नव्हे. माल बारा आण्यांचा आणि मान रुपयाचा, तो ओव्हररेटेड. म्हणूनच बादशाह, हनी सिंग ही नावं नकोत. त्यांना मान देतो कोण? वरातीत लावतात, नाचतात, घरी जातात. हिशेब चुकता. भाव फुगतो तो जिथे ऐकणाऱ्याकडून भक्ती मागतात तिथे, आणि ती अंडरग्राउंडवाले सगळ्यात जास्त मागतात.

माझं पहिलं नाव डिव्हाईन. 2013 चं ‘ये मेरा बॉम्बे’, 2015 चं नेझीबरोबरचं ‘मेरे गली में’, तिथवर माझा दंडवत. मग 2019 मध्ये ‘गली बॉय’ आला, दोघांच्या आयुष्यावरून बेतलेला, आणि गल्लीचा ब्रँड झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या नास या रॅपरची कंपनी डिव्हाईनच्या पाठीशी उभी राहिली. आनंद आहे. पण माणूस गल्लीतून कधीच बाहेर पडला, गल्ली काही गाण्यातून बाहेर पडेना. दुसरा स्टॅन. बिग बॉस जिंकला फेब्रुवारी 2023 मध्ये आणि भक्त सांगतात रॅप जिंकला. तिसरी दिल्लीची जोडी सीधे मौत. 2018 चा त्यांचा ‘बयान’ अल्बम मी पाठ केलाय, त्यामुळे शिव्या घालायच्या आधी विचार करा. पण आता दोघं प्रत्येक बीटवर आग लागल्यासारखे सुटतात. जेवणात सगळ्याच भाज्यांना तीच फोडणी असली की चव कशी कळणार?

आणि परदेशातून एमिनेम. 2013 मध्ये ‘रॅप गॉड’मध्ये 6 मिनिटं 4 सेकंदांत 1,560 शब्द बसवले, गिनीज बुकात नोंद झाली. बरं मग? आमच्या मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, ओठ एकमेकांना न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म सगळे वर्ज्य. कसरत म्हणून सलाम. पण रात्री झोप येत नाही तेव्हा माणूस तुकोबा आठवतो.

मांडवीपल्याड
खाजेबाब, दृष्टांत देण्याआधी तो आपल्याच अंगावर येणार नाही ना, बघून घ्यावं. तुमच्या गावच्या सप्ताहात बुवा कीर्तनाला उभा राहिला की मध्येच आर्या कुणाची म्हणतो? पंतांचीच ना? 1794 मध्ये गेलेला माणूस आजही बुवांच्या तोंडी आहे. नुसती कसरत इतकी टिकत नाही.

एमिनेमचंही तेच. तुम्ही त्याचा वेग मोजलात, आवाजातली चीड ऐकली नाहीत. 2003 मध्ये त्याच्या ‘लूज युवरसेल्फ’ गाण्याला ऑस्कर मिळालं, रॅपला मिळालेलं पहिलं. आणि ते गाणं वेगाचं नव्हेच. पोटात गोळा आलेल्या, स्टेजवर चढायला घाबरलेल्या माणसाचं आहे. मी तेव्हा म्हापशाला बारावीत होतो. कॅसेट पाच जणांत फिरायची. इंग्रजी अर्धं कळायचं, गोळा पूर्ण कळायचा.

गेल्या दहा वर्षांतले त्याचे अल्बम फुगवलेले आहेत म्हणा, मी सही करतो.

खाजेवाला
बुवांचा मुद्दा लागला. पण कीर्तनात आर्या चवीपुरती असते हो, पोट भरतं अभंगानेच.

शेमडी_सरकार
स्टॅनला बिग बॉसवरून मोजणारे सगळे एका माळेचे मणी. त्याच्याही आधी 2020 चा त्याचा ‘तडीपार’ अल्बम ऐकला का? पुण्याच्या ताडीवाला रोडचा पोरगा, बीट स्वतः बनवतो, स्वतःच गातो, आणि आपल्या वस्तीची बोली जशीच्या तशी ठेवतो. ‘शेमडी’ हा आपला अस्सल मराठी शब्द त्याने दिल्ली-लखनौच्या पोरांच्या तोंडी बसवला. साहित्य संमेलनाला जमलं का हे?

मान रुपयाचा म्हणता, मला तर उलटं दिसतं. ज्यांना शुद्ध हिपहॉपचा टिळा लावायचा असतो ते सगळे त्याला बारा आणेसुद्धा देत नाहीत. त्या बसमधला दुसरा पोरगा तुमच्याच बाजूचा होता, खाजेबाब. आणि नेझीसुद्धा 2024 मध्ये बिग बॉस ओटीटीत जाऊन दुसरा आला. ‘आफत’ आयपॅडवर शूट करणारा तोच नेझी. त्याला कोण नावं ठेवत नाही!

फुगडीवाली
बादशाहला ज्या थाटात सोडून दिलंत ते मला पटलं नाही. मान देत नाही म्हणून हिशेब चुकता? 2020 मध्ये ‘गेंदा फूल’ आलं, त्यातली बंगाली ओळ रतन कहार या म्हाताऱ्या लोककवीची. नाव नव्हतं. लोक खवळले तेव्हा बादशाहने पाच लाख रुपये पाठवले. रॅपमध्ये दुसऱ्याच्या ओळी उचलायची परंपरा आहे हे मला माहीत आहे, सगळं सॅम्पलिंग त्यावरच उभं आहे. पण उचललेल्याचं नाव घ्यायचीही परंपरा आहे. मेनस्ट्रीमला ‘नाचायचं असतं हो’ म्हणून माफी द्यायची आणि अंडरग्राउंडच्या पोरांच्या ओळी भिंगाखाली धरायच्या, हा कुठला न्याय?

दुसरं, चार पोस्ट झाल्या, एकाही बाईचं नाव नाही. फुगवून फुगवून ओव्हररेटेड म्हणायलासुद्धा तुम्हाला बाई सापडू नये? डी एमसी कधीपासून गातेय. आमच्या पेडण्याला बायकांच्या धालो नाचाच्या मांडावर कुणीही बाई उखाण्यात सासू, दीर, गाव आणि टोमणा चार ओळींत बसवते, वहीत न लिहिता. त्याला तुम्ही फ्रीस्टाइल म्हणाल तो दिवस सोन्याचा.

माझ्या मते ज्याला सगळ्यात कमी मान मिळाला ते मुंबईचे स्वदेसी. त्यांच्यातला एमसी मवाली मराठीत म्हणतो. 2019 मध्ये आरेतली झाडं तोडायचं चाललं होतं तेव्हा प्रकाश भोईरांना घेऊन ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं. आपल्याकडे गोव्यात मोलेच्या जंगलातली झाडं वाचवायला लोक रात्रभर रुळांवर बसले. तेव्हा कुठला रॅपर आला होता?

खाजेवाला
रतन कहारांबद्दल चूक कबूल. बादशाह यादीत येतो, पण वेगळ्या गुन्ह्याखाली.

कदंबाची_खिडकी
ड्रेक. इतकंच.

मांडवीपल्याड
कारण द्या, नाहीतर शाळेतल्यासारखं बाकावर उभं करीन.

कदंबाची_खिडकी
2015 मध्ये मीक मिलने जाहीर म्हटलं, हा स्वतःच्या ओळी स्वतः लिहीत नाही. 2024 मध्ये केंड्रिक लमारने त्याला गाण्यातून भर चौकात झोडलं. 2025 मध्ये याने आपल्याच कंपनीवर कोर्टात दावा लावला, ते गाणं पसरवलं म्हणून. कलगी-तुऱ्याच्या फडात हरलेला शाहीर मामलेदाराकडे गेल्याचं ऐकलंत कधी? आणि जे. कोल तर त्याहून. केंड्रिकवर गाणं काढलं, दोन दिवसांत स्वतःच्याच महोत्सवात माफी मागून मोकळा.

शेमडी_सरकार
माफी मागायला जास्त दम लागतो. कोल बरोबर.

तिसऱ्या_रांगेतला
तुम्ही सगळे कानात बोंडं घालून न्याय करताय. मी तियात्राला, म्हणजे आमच्या कोकणी नाटकाला, लहानपणापासून जातो, आई मडगावची. कांतारकार, म्हणजे त्यातला गाणारा, पडद्यापुढे येतो, खाली बँड, वर तो आणि माइक. मंत्र्याला नाव घेऊन झोडतो. सूर चुकला, शब्द विसरला, तर हजार माणसं बघतात. आवडलं तर ‘वन्स मोर’ आणि तेच कडवं परत, त्याच दमात. 1892 पासून हे चाललंय.

आता दुसरं चित्र. दोन वर्षांपूर्वी फोंड्याच्या बाजूला एका कॉलेजच्या महोत्सवात देशभर नाव असलेला एक रॅपर आला. नाव सांगत नाही, उगाच फौज अंगावर येईल. माझा भाचा पहाटेपासून रांगेत. गडी स्टेजवर आला, मागे गाणं पूर्ण आवाजात चालू, त्याच्या स्वतःच्या आवाजासकट. हा प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा ओरडायचा. मधल्या ओळी पोरं म्हणत होती. मध्येच लॅपटॉप अडकला, गाणं बंद. तो हसला आणि ‘गोवा, आवाज कुठाय?’ म्हणाला. आवाज त्याचा कुठे होता ते विचारायला मी पुढे जाणार होतो, भाच्याने शर्ट धरला.

म्हणून माझी कसोटी एकच. मागचा ट्रॅक बंद करा. उरतो तो रॅपर.

या कसोटीत अंडरग्राउंडचा लाडका एमएफ डूमही अडकतो, बरं का. मुखवटा घालायचा, आणि काही कार्यक्रमांना स्वतः न जाता दुसऱ्यालाच मुखवटा घालून पाठवायचा! लोकांनी तिकिटाचे पैसे मोजलेले. आणि भक्त म्हणतात, वा, काय कलात्मक प्रयोग. आमच्या दशावतारात संकासुराच्या जागी भलताच कुणी आला असता तर मंडळीला रात्रीच सामान बांधायला लावलं असतं.

बीट_आणि_घुमट
डूमला हात लावू नका. 2004 चं ‘मॅडव्हिलनी’ ऐकताना ओळ कुठे संपते आणि यमक कुठून सुरू होतं याचा पत्ता लागत नाही. तुमच्या कसोटीत तो नापास होईल, वहीत पहिला येईल. मॅडलिबच्या बीटवर तो आळसावल्यासारखा बोलतो आणि तिसऱ्यांदा ऐकताना कळतं की विनोद पहिल्या ओळीत होता. कीर्तनकार आणि कवी एकाच फुटपट्टीने कसे मोजणार?

मी स्वतः लिहितो, म्हणून सीधे मौतबद्दल पण बोलतो. तुम्हाला ती एकसुरी फोडणी वाटते, मला त्यातला श्वास दिसतो. दोघांपैकी एक ओळ सोडतो तिथे दुसरा अर्ध्या मात्रेत उचलतो. भजनात मुख्य गवई आणि झीलकरी यांचं जमलेलं असतं तसं. करून बघा एकदा. मी आणि माझा चुलतभाऊ आठ महिने करतोय, अजून एकमेकांच्या पायावर पाय पडतो.

फुगडीवाली
कुठल्या भाषेत करता रे?

बीट_आणि_घुमट
कोकणीत सुरू होतं, राग आला की मराठी, आणि कडव्याच्या शेवटी हिंदी, कारण मित्र म्हणतात नाहीतर ऐकणार कोण. आपला त्सुमयोकी बघा, गोव्याचाच, डिव्हाईनच्या गली गँगमध्ये गेला आणि गातो इंग्रजी-हिंदीत. चांगला गातो. पण गावच्या भाषेत गायला असता तर गावाबाहेर कुणी ओळखलं असतं?

शेमडी_सरकार
हनुमानकाइंड केरळचा, इंग्रजीत गायला, 2024 मध्ये मौत का कुआँमध्ये उभा राहून जगभर गेला. भाषेचं सोडा, व्हिडिओ बघा.

मांडवीपल्याड
आणि ‘तांबडी चामडी’? त्याच वर्षी, शुद्ध मराठीत. तुम्ही पोरं भाषेला उगाच भिता.

शेमडी_सरकार
ते रॅप नव्हे, हाऊस आहे, क्लबात नाचायचं संगीत.

मांडवीपल्याड
नाचताना माझ्या बायकोने विचारलं नाही.

कदंबाची_खिडकी
कोकणी-मराठी निघालं. आता हा धागा गोव्याच्या विलीनीकरणावरच्या 1967 च्या ओपिनियन पोलपर्यंत जाणार. मी चहा ठेवते.

खाजेवाला
जाऊ देणार नाही, भिवपाची गरज ना.

माझी सुधारलेली यादी. स्टॅनचं नाव काढतो. काल रात्री ‘तडीपार’ हेडफोन लावून पूर्ण ऐकला. बिग बॉसचा राग मी गाण्यावर काढत होतो. एमिनेमचं अर्धं नाव काढतो, जुना सोडला, नवा धरला. ड्रेक घेतो, मामलेदाराचा मुद्दा फार आवडला. डिव्हाईनवर ठाम, आणि गंमत बघा, त्याच्या बाजूने इथे कुणीच उभं राहिलं नाही. त्यामुळे तो खरंच ओव्हररेटेड आहे की आता कुणी रेटच करत नाही, याचा मला पेच पडलाय.

सीधे मौतवर घुमटवाल्याशी माझं मिटलेलं नाही. रविवारी संध्याकाळी साखळीला ये. चुलतभावाला आण. मागचा ट्रॅक नको, तिसऱ्या रांगेतल्यांची कसोटी लावू.

तिसऱ्या_रांगेतला
मी पहिल्या रांगेत बसेन.

बीट_आणि_घुमट
येतो. ट्रॅकऐवजी वाजवायला खरं घुमट आणतो, आजोबांचं.

फुगडीवाली
आजोबांचं म्हणजे घोरपडीच्या कातड्याचं? मग रॅप राहील बाजूला, वनखातं येईल.

बीट_आणि_घुमट
कातडं कधीच बदललंय गो, बकऱ्याचं आहे. पाऊस असला तर मात्र आधी शेगडी लागेल, ते सादळतं.