अनुभव धागा: फ्रीजमधली बाटली आणि घरातली पोरं

आपल्याकडे यात्रेला मटणाबरोबर कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली लागतेच. पाहुणेही हातात तीच घेऊन दारात उभे. मग पोराला ‘नको’ कुणी म्हणायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आईबापांनी, आजी-आजोबांनी मोकळेपणी लिहा. उपदेश नको.

येळ्ळूर, आई: आमच्यात खरा पिणारा बापच. कामावरून आले की फ्रीज उघडून उभ्यानंच बाटली तोंडाला. तीन वर्षांची लेक मागं उभी, “बाबा, बुचात द्या.” बुचातलं संपलं की परत हात पुढं. सासूबाई म्हणतात, बुचभर तर पितीया! बाटली आणूच नका म्हटलं, तर म्हणे, “मग मी काय पिऊ?”

अंगणवाडी सेविका: पाण्याच्या बाटल्या ओळीनं ठेवतो. एकीच्याच बुचाला मुंग्या लागल्या. उघडून बघितलं तर केशरी सरबत. आई म्हणाली, साधं पाणी पीतच नाही तो.

खानापूर, बाबा: मुलीला जुलाब लागले. औषधाच्या दुकानातून ‘ओआरएस’ (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) लिहिलेला पेयाचा खोका आणला. गोड, त्यामुळं गटागटा प्यायली. जुलाब थांबेनात. डॉक्टरांनी खोका बाजूला सारून खऱ्या ओआरएसची पुडी दिली, अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. त्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम. खोक्यात त्याच्या कितीतरी पट साखर, आणि जादा साखर आतड्यात पाणी ओढते, जुलाब वाढतात. पुडीचं पाणी खारट म्हणून तिनं थुंकलं, शेवटी आईनं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाजलं. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, असल्या पेयांवर ओआरएस लिहायला बंदी केली. एवढी वर्षं कसं चाललं, हाच राग.

संकेश्वर, आजोबा: कारखान्याला ऊस घालणारी माणसं आम्ही, साखरेला नावं कुठल्या तोंडानं ठेवायची! पण बाटलीमागं छापलंय ते वाचतो. 100 मिलीला 10-11 ग्रॅम, म्हणजे पाव लिटरला पाचेक चमचे. आमच्या चहात एवढी घातली तर सूनबाई ओरडंल.

शहापूर, आई: आम्ही कोल्ड्रिंक बंद करून ज्यूसवर आलो. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या सूचना वाचल्या: दोन वर्षांखाली ज्यूसच नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला 125 मिलीपर्यंत. आता घरात ताक. मामाच्या गावाला गेलं की सगळं मोडतं, त्यावर कुणाकडं काही उपाय असला तर सांगा.

येळ्ळूर, तीच आई: मामाला आधी फोन करा. आमच्यात मामाच नव्हे, बापालाही करावा लागतो.