आधी शॉपफ्लोअर, मग एमबीए

ताई, तुमचा भाचा ऑटोमोबाईलची पदवी घेऊन लगेच एमबीए करू म्हणतोय, त्यावर वरती बहुतेकांनी होकार दिला आहे. माझं मत वेगळं आहे. मधे दोन-तीन वर्षं त्याला शॉपफ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन चालतं त्या लाईनवर काढू द्या.

मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. इथलं व्यवस्थापन म्हणजे काय, तर उदाहरण देतो. पाळी आठ तासांची, जेवण-चहाचा एक तास वजा केला की उरतात ४२० मिनिटं. ग्राहकाला रोज ४२० नग हवेत, म्हणजे मिनिटाला एक. लाईनवरच्या एका स्टेशनवर, म्हणजे कामाच्या एका टप्प्यावर, नगामागे ७० सेकंद लागले की पाळीअखेर नग पडणार ३६०च. आता माणूस वाढवायचा, काम वाटून द्यायचं की फिक्श्चर (काम करताना भाग घट्ट धरून ठेवणारा साचा) बदलायचं? ज्याने स्वतः तिथे उभं राहून बोल्ट आवळलेत त्याला हे लवकर सुचतं.

शिवाय तंत्र झपाट्याने बदलतंय. १ एप्रिल २०२० ला आपण गाड्यांच्या धुरासाठीच्या बीएस (भारत स्टेज) नियमांत बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेलो, बीएस-५ वगळूनच. आता विजेच्या गाड्या. त्यामुळे इंजिनाइतकंच बॅटरी, सेन्सर आणि वायरिंगकडे लक्ष द्यायला सांगा. कॉलेजात बाहाचा (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायची स्पर्धा) संघ असेल तर नक्की शिरायला सांगा. गाडी घडवताना खर्चाचा हिशेब आणि वेळापत्रकही मुलांनाच सांभाळावं लागतं, आणि मुलाखतीत त्यावर मी स्वतः खूप प्रश्न विचारतो.

पदवीला अजून प्रवेश घेतला नसेल तर डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, तोही मार्ग बघा.