मदत हवी आहे: खारं पाणी शिरलेल्या शेतात कोणतं भात लावायचं? (लवकर सांगा)

कोलशेत_वाला
मंडळी, गावच्या शेतात खारं पाणी आलंय. गेल्या खरिपात भात पार करपून गेलं, गुरांना घालायला पेंढासुद्धा हाती लागला नाही. यंदा खाऱ्या जमिनीत टिकणारं बियाणं हवंय. नाव सांगा आणि कुठे मिळेल ते सांगा. मी ठाण्यात असतो, शनिवार-रविवारीच गावी जाता येतं. रोहिणी लागायला आल्यात, वेळ नाही. प्लीज कामाचंच लिहा.

वरकस
गाव कुठलं? जमीन किती? पाणी विहिरीचं खारं झालंय की खाडीचं आत आलंय? काहीच लिहिलेलं नाही, तर सांगणार काय?

सुमन_नेरूळ
पीक विमा काढला का दादा? खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 2 टक्केच असतो. ई-पीक पाहणी करायला मात्र विसरू नका, आमच्या दिरांचं त्यावरूनच अडलं होतं.

कोलशेत_वाला
भिवंडी तालुका, खाडीला लागून. चार एकर. ताई, अजून पेरलंच नाही तर विमा कशाचा काढू? बियाण्याचं नाव विचारलंय.

पेणचा_म्हातारा
पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3. ही तिन्ही खाऱ्या जमिनीसाठीच काढलेली वाणं आहेत. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथे विचार. बियाणं संपायच्या आत जा. हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

आता माझा प्रश्न. पाणी आत आलं कुठून? खाडीकडच्या बांधावरून उलटलं, उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) आलं, की खांड पडली, म्हणजे बांधच फुटला? यातलं काय झालं त्यावर सगळं अवलंबून आहे, बियाणं नंतरची गोष्ट.

अकोलेकर
आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हेच दुखणं पिढ्यान्‌पिढ्या आहे. एकरी जिप्सम टाका, शेणखत टाका, शेततळं करा आणि गोड्या पाण्यावर पीक घ्या. आमच्याकडे पोकरातून (सरकारच्या कृषी संजीवनी प्रकल्पातून) शेततळी झाली, तुम्हीही अर्ज करा. जिप्समशिवाय खारी जमीन सुधारत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

वरकस
पोकरा विदर्भ-मराठवाड्याकडची योजना आहे हो, भिवंडीच्या माणसाला तिचा काय उपयोग?

पेणचा_म्हातारा
अकोलेकर, राग मानू नका, पण तुमचं दुखणं वेगळं आणि आमचं वेगळं. तुमच्याकडे जमीन चोपण. सोडियम मातीच्या कणांना धरून बसलेला असतो, माती घट्ट होते, पाणी खाली मुरत नाही. तिथे जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. आमच्याकडे समुद्राचं मीठ नुसतं मातीत भरलेलं असतं, आणि त्याच्यावर औषध म्हणजे आभाळाचं पाणी. पहिल्या पावसाचं पाणी खाचरात कोंडायचं, चिखल ढवळायचा, ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं. पुन्हा कोंडायचं, पुन्हा सोडायचं. कोकणात पाऊस एवढा पडतो की बांध शाबूत असेल तर मीठ धुऊन निघतं. जिप्समच्या गोण्या घेऊन पैसे घालवण्याआधी माती तपासा. सामू (पीएच) साडेआठच्या वर असेल तर मग जिप्समचं बोलू.

अकोलेकर
तेच म्हणतोय, आधी तपासा. आणि तपासल्यावर सामू वर निघाला तर माझं नाव घ्या.

जिताडा_प्रेमी
भात कशाला लावता? चार एकर खाजण (खाडीकाठची खारी जमीन) म्हणजे सोनं आहे. तळं खणा, जिताडा सोडा. कोळंबीही चालेल. भाताच्या दाण्यादाण्यासाठी रडण्यापेक्षा एक जिताडा विका, काय भाव मिळतो ते मार्केटात जाऊन बघा.

वरकस
निमखाऱ्या पाण्यात मत्स्यशेती करायची तर 2005 च्या कायद्याप्रमाणे किनारी जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. शेजारच्या भातशेतात पाणी झिरपलं तर भांडण वेगळंच. त्याने मासे विचारलेत का?

जिताडा_प्रेमी
विचारले नसतील, पण खायचे तर असतीलच 😄

कोलशेत_वाला
अहो, खांड आहेच की बांधाला. तिथूनच येतं पाणी, दर उधाणाला. गेल्या वर्षी जुलैत फुटला, अजून तसाच आहे. हे वेगळं काय सांगायचं? खारं पाणी आलंय म्हटल्यावर बांध फुटलाय हे आलंच त्यात. मला रहू टाकू (मोड आलेलं बी थेट फेकू) की लावणी करू तेवढं सांगा.

पेणचा_म्हातारा
अरे देवा. मग आतापर्यंत आम्ही सगळे कशावर बोलत होतो?

खांड उघडी असेल तर पनवेल-3 काय, कुठलंच भात येणार नाही. ही वाणं मिठाचं थोडं ओझं सोसतात, समुद्र सोसत नाहीत. मातीची विद्युतवाहकता (त्यावरून मीठ किती ते कळतं) मीटरला 3 डेसीसायमनच्या पुढे गेली की साध्या भाताचं उत्पन्न घटायला लागतं. समुद्राचं पाणी पन्नासच्या आसपास असतं. तू जूनमध्ये पावसाने धुशील आणि पुढच्या पुनवेच्या उधाणाला सगळं पुन्हा आत येईल.

सुमन_नेरूळ
समुद्राची पातळी वाढतेय हो, हवामान बदलाचा फटका आहे हा. आमच्या नेरूळच्या खाडीकडेही पूर्वी एवढं पाणी येत नव्हतं.

रेतीबंदर
ताई, सगळं हवामानावर ढकलून मोकळं व्हायचं का? खाडीतून सक्शन पंप लावून वर्षानुवर्षं रेती काढली, काठ खचले. वरून गोदामांसाठी भराव टाकून नाले बुजवले. पाण्याला जायला जागाच ठेवली नाही.

पेणचा_म्हातारा
दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही अर्धंच सांगताय. बांध बरेचदा बाहेरून नाही, आतून फुटतो. उघाडीची झडप भरतीला बंद होते, ओहोटीला उघडते. मोठा पाऊस नेमका उधाणाच्या भरतीत आला की आतलं गोडं पाणी कोंडतं, बांधाच्या माथ्यावरून उलटतं आणि माती वाहून नेतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला ना, त्या दिवशी आमचा बाहेरकाठा (खाडीकडचा बाहेरचा बांध) असाच आतून गेला. आता पाऊस थोड्या तासांत धो धो पडतो, त्यात भराव टाकून आतली जागा कमी केलेली. वर समुद्र चढतोय. म्हणून नुसती खांड बुजवून भागणार नाही, उघाडी मोकळी आहे का तेही बघावं लागेल.

गुंतवणूक_गुरू
विकून टाका. भिवंडीत गोदामवाले रांगेत उभे आहेत. शेती हा भावनेचा विषय झालाय आता.

कोलशेत_वाला
विकायची नाही. चुलते अजून तिथे राहतात. पुढे.

वरकस
बांध कुणाचा, खाजगी की खारभूमी योजनेतला? 1979 च्या खारजमीन विकास अधिनियमाखाली योजना असेल तर दुरुस्ती खारभूमी विभागाकडून मागायची. नुसता सातबारा बघून हे कळत नाही, योजनेचं नाव लागतं. आणि अर्ज एकट्याचा नको, त्या बांधाच्या आत ज्यांची शेतं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

आणखी एक. जुलैपासून पाणी येतंय म्हणता, तर आत तिवरं (खारफुटीची झाडं) उगवलीत का?

कोलशेत_वाला
खांडीजवळ गुडघ्याएवढी रोपं आहेत. चुलते उपटणार होते.

वरकस
थांबवा त्यांना. खाजगी जागेतली कांदळवनंसुद्धा तोडता येत नाहीत, मुंबई उच्च न्यायालयाचा 2005 चा आदेश आणि 2018 चा निकाल आहे. भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही बंधन आहे. म्हणूनच उशीर करू नका म्हणतोय. अजून दोन-तीन पावसाळे असेच गेले तर शेत कागदावर शेत आणि जागेवर जंगल होईल, मग बांध घालायलाही परवानग्या. फोटो काढा, तारखेसकट अर्जाला जोडा आणि रोपांचं काय करायचं ते तहसीलदारांना लेखी विचारा.

रेतीबंदर
तिवरं म्हणजे शत्रूच झाली शेतकऱ्याची.

सुमन_नेरूळ
अजिबात नाही! बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरं असली की लाटेचा मार तीच खातात. फ्लेमिंगो येतात ते काय उगीच? ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळालाय.

रेतीबंदर
फ्लेमिंगोने भात पिकवून दाखवावं मग.

पेणचा_म्हातारा
ताईंचं पटतं. बाहेर तिवर हवीच, आत नको. आमचे वडील बाहेरच्या तिवरीला हात लावू देत नसत. त्या काळी भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढतं तेव्हा, घरटी एक माणूस बांधावर जायचा आणि चिखलाची ढेकळं रचून खांड बुजवायचा. आता माणसं ठाणे-मुंबईला आणि बांध देवाच्या भरवशावर.

आता तुझा रहूचा प्रश्न. रहूला माणसं कमी लागतात, मोड आलेलं बी चिखलात फेकलं की झालं, शनिवार-रविवारवाल्याला बरं. पण भाताला मीठ सर्वांत जास्त बाधतं ते कोवळ्या रोपात आणि फुलोऱ्यात. म्हणून खाचर दोन-तीनदा धुतल्याशिवाय रहू टाकू नकोस. माणसं मिळत असतील तर लावणीच कर. रोप उंचावर गोड्या पाण्यावर वाढव, 30-35 दिवसांचं होऊ दे आणि एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) नेहमीपेक्षा जास्त काड्या लाव.

अकोलेकर
उन्हाळ्यात जमीन उघडी ठेवू नका, पेंढ्याचं आच्छादन करा. ऊन तापलं की खालचं मीठ वर चढतं. हे तरी तुमच्याकडे आणि आमच्याकडे सारखंच आहे ना?

पेणचा_म्हातारा
हे सारखंच. मान्य.

कोलशेत_वाला
पेंढाच नाही, वर लिहिलंय. बरं, रविवारी चुलत्यांना घेऊन खांड आणि उघाडी दोन्ही बघतो. मातीचा नमुना कुठून घ्यायचा?

वरकस
चार-पाच ठिकाणांहून, वरच्या वितीभरातली माती. खांडीजवळची वेगळ्या पिशवीत, लांबची वेगळ्या. सगळी एकत्र मिसळलीत तर अहवालाचा काही उपयोग नाही. पाऊस पडायच्या आत घ्या आणि खाचर धुतल्यावर पुन्हा एकदा घ्या.

पेणचा_म्हातारा
ओहोटीची वेळ बघून जा, नाहीतर उघाडीचा उंबरा दिसणारच नाही. झडपेत गाळ आणि प्लास्टिक अडकलंय का बघ. आणि पनवेलला बियाण्याची चौकशी कर, पण खांड बुजेपर्यंत पिशवी फोडू नकोस.

घरगुती_पीठ_ऐरोली
खाजणातल्या तांदळाच्या भाकरीची चव वेगळीच असते म्हणतात. कुणाकडे पीठ मिळेल का? ऐरोली सेक्टर 8.

जिताडा_प्रेमी
पिठाबरोबर जिताडाही सांगा.

वरकस
कोलशेतवाले, बांधाच्या आत अजून किती जणांची शेतं आहेत आणि ते सह्या देणार आहेत का, ते अजून लिहिलेलं नाहीत.