आवाज इनडोअरपेक्षा भिंतीतून येतो

गाणं ऐकायच्या 120 चौरस फुटांच्या खोलीला दीड टनाचा एसी घ्या, कमी वेगावर शांत चालेल, असा एक सल्ला वाचला; तो मला अर्धाच पटला. इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा एसी असला तरी त्याच्या कॉम्प्रेसरला किमान वेगाची मर्यादा असते. खोली लगेच गार होऊन तो बंद-चालू होत राहतो, दमटपणा पुरेसा जात नाही, आणि आपल्या ठाण्यात खरा त्रास दमटपणाचाच. एक टन पुरे.

कॅटलॉगमधले डेसिबल बहुधा सर्वात कमी फॅनचे असतात, तेव्हा मधल्या वेगाचा आकडा मागा. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

माझी चूक वेगळीच होती. आउटडोअर युनिट ऐकायच्या खोलीच्याच भिंतीवर, नुसत्या लोखंडी ब्रॅकेटवर बसवलं. तानपुऱ्याखाली कायम एक बेसूर घुमारा! शेवटी ते किचनच्या बाजूला हलवलं, खाली रबरी पॅड घातले. पाइप लांबला, गॅस थोडा भरावा लागला, पण घुमारा गेला.

आता ऐकायला बसण्याआधी अर्धा तास खोली गार करून घेतो. आलापीला फॅन सर्वात कमी. घोडबंदर रोडचे ट्रक मात्र कुठल्याच रिमोटला जुमानत नाहीत.