आपला देव जसा, तसंच आपलं माणसांशी वागणं?

सांजवात

आई आठ महिने अंथरुणाला खिळून आहे. तिची देखभाल करायला एक ताई येतात. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या असतील, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना अगं-तुगंच करत आलो. त्यात काही खटकतंय असं कधी वाटलंच नाही.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी जपाला बसलो होतो. आईने हाक मारली. मी डोळे न उघडता, बोटातला मणी तसाच धरून ओरडलो, "अगं, ऐकू येत नाही का तुला? बघ ना काय हवंय!" ताई आल्या, आईची चादर बदलली, काही न बोलता गेल्या. माझी माळ पूर्ण झाली. नंतर आईजवळ बसलो तर ती म्हणाली, "देवाशी बोलतोस तो आवाज वेगळा, आणि हा वेगळा. घरात दोन माणसं राहतात का रे?"

तेव्हापासून मनात हेच घोळतंय. देवालाही आपण तूच म्हणतो, पण त्या 'तू'मध्ये जीव ओवाळून टाकलेला असतो. माझ्या त्या सकाळच्या 'तू'मध्ये नुसता तोरा होता. आणखी खोलवर गेलो तेव्हा दिसलं की माझा देव हिशेबनीस आहे. किती माळा झाल्या, किती उपास झाले, सगळं तो मांडून ठेवतो अशी माझी समजूत. मग मीही ताईंची मिनिटं मोजतो. दहा मिनिटं उशीर झाला की माझ्या तोंडावर दिसतं.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्यात अगदी पहिलं आहे अमानित्व, म्हणजे मानाची अपेक्षा नसणं. अहिंसा आणि क्षमासुद्धा त्याच्या मागून येतात. इतकी वर्षं वाचलं, पण हा क्रम कधी टोचला नव्हता.

माझं म्हणणं असं: आपण देव जसा मानतो, तसेच आपल्या हाताखालच्या माणसाशी वागतो. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

प्रांजळपणे लिहिलंत, पण निष्कर्ष पटत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. निम्म्यांचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळा" असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही. काही जण तर त्या माणसाला ओलांडून तीच गोष्ट सांगायला गेले.

सगळे देवाच्या वाटेवरचेच होते. फरक घड्याळाने केला. तुम्हीही देव बदलत बसू नका, सकाळी अर्धा तास लवकर उठा.

सांजवात

पण मला घाई कुठे होती? मी तर निवांत बसलो होतो. माझं काम पवित्र आणि तिचं काम तिचं, एवढंच डोक्यात होतं.

जुना पिंपळ

हिशेब ठेवणाऱ्या देवाला इतकं कमी लेखू नका. माझ्या वडिलांच्या हातून आयुष्यभर दुसऱ्यांचा पैसा गेला, एक पैही इकडची तिकडे झाली नाही. विचारलं की म्हणायचे, "वरचा बघतोय." त्या धाकाने ते कठोर झाले नाहीत, निर्धास्त झाले.

याचा अभ्यासही झाला आहे. २०१६ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात जगातल्या आठ वेगवेगळ्या समाजांमधली ५९१ माणसं होती. एकांतात फासा टाकून नाणी दोन भांड्यांत वाटायची. कुणाचं लक्ष नाही, लबाडी सहज करता येईल. ज्यांचा देव सगळं जाणणारा आणि शिक्षा देणारा होता, त्यांनी दूरवरच्या अनोळखी माणसाच्या वाट्याला जास्त नाणी जाऊ दिली. नुसता प्रेमळ देव गोड असतो, पण अंधारात हात धरायला धाकच लागतो.

रानजाई

जुना पिंपळ, त्यातली एक गोष्ट राहिली. तो दूरचा अनोळखी माणूस त्यांच्याच धर्माचा होता. आपल्या देवाला न मानणाऱ्याशी ते कसे वागले असते, हे त्या नाण्यांवरून कळत नाही. खरी परीक्षा तिथेच आहे.

आणि देवाची कल्पना हातापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, तेही बघा. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी. १७४८ मध्ये वादळात जहाज बुडायला आलं, तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि तिथून त्याचा पालट सुरू झाला. पण त्यानंतरही तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. खलाशांची प्रार्थना घ्यायचा, आणि पायाखालच्या तळघरात माणसं साखळ्यांत बांधलेली असायची. १७५४ मध्ये ते काम सुटलं तेही आजारपणामुळे. त्या धंद्याविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं १७८८ मध्ये. तब्बल चाळीस वर्षं! देव दयाळू आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. ती दया तळघरातल्या माणसांसाठीही आहे, हे उमजायला एवढा काळ गेला. म्हणून देव कसा आहे यापेक्षा त्याच्या दयेच्या वर्तुळात आपण कोणाला धरतो, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

उंबरठा

हे पटलं. पण मग वर्तुळ आपणच आखतो ना? त्यात देवाचं काय?

चाफेकळी

मी बारा वर्षं हेच काम केलं, आजारी माणसं सांभाळायचं. म्हणून थोडं स्पष्ट लिहिते.

नम्रतेचे धडे मला लहानपणापासून मिळाले. आवाज चढवू नये, मान खाली ठेवावी, मिळेल त्यात समाधान मानावं. ती नम्रता नव्हती हो, नाइलाज होता. ज्याच्या हातात काही असतं, त्याने हात सैल सोडला तर ती नम्रता. ज्याला उलट उत्तर देताच येत नाही, त्याच्या गप्प राहण्याचं कौतुक करू नये.

गोड बोलणारी घरंही मी पाहिली. एका घरी सगळे मला मावशी म्हणायचे. सुट्टी मागितली की, "मावशी, तुम्ही आमच्या घरच्याच, घरच्यांना कसली सुट्टी?" दुसऱ्या एका घरातले आजोबा देव मानत नव्हते, बोलायचेही तुटक. पण मी जेवायला बसले की मला कोणी हाक मारायची नाही, असं त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं. आजही त्यांची आठवण आली की डोळे भरतात.

सांजवात, तुम्ही 'अगं' सोडून 'अहो' म्हणाल, ते चांगलंच आहे. पण त्या ताईंना सुट्टी कोणत्या वारी असते, ते सांगाल का?

सांजवात

चाफेकळी, दोन दिवस उत्तर लिहू शकलो नाही. सुट्टी नव्हतीच. आठ महिन्यांत त्या आजारी पडल्या ते दोन दिवस सोडले तर एकही नाही. मी कधी दिली नाही, त्यांनी कधी मागितली नाही. का नाही मागितली, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमची पूजा-अर्चा असते, आईंचं कोण बघणार?"

आता गुरुवार ठरला आहे. काल पहिला गुरुवार होता. जप राहिला. आईला स्पंज केलं, पाठीला पावडर लावली, कुशीवर वळवायला गेलो तर ती एकदम दचकली, कठड्याला घट्ट धरून बसली. दुखलं का विचारलं तर म्हणाली, "नाही रे. ती आधी सांगते, आता वळवते हं म्हणून."

दुपारी पुन्हा वळवताना मी आधी सांगितलं. तिने कठडा धरला नाही.